टाळकऱ्यांची साथ

पुणे जिल्ह्यातील पिंपरी-चिंचवड आणि चाकण हा परिसर कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. देहू आणि आळंदी ही संतांची गावेही याच परिसरात आहेत. बाहेरगावचा कीर्तनकार आणि गावातले टाळकरी एकत्र कसे गातात, हे या पाठात समजावून सांगितले आहे. अशा समूहगायनाचे दूरच्या वेल्समधील एक रूपही यात पाहायला मिळेल.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही कव्वाली नक्कीच ऐकली असेल. मुख्य कव्वाल मध्यभागी बसतो. त्याच्या मागे आणि बाजूला त्याचे हमनवा बसतात. कव्वाल एक ओळ म्हणतो, हमनवा ती उचलून धरतात. कव्वाल थांबतो, दम घेतो, पुढच्या ओळीचा विचार करतो. तेवढा वेळ गाणे हमनवांच्या गळ्यावर आणि टाळ्यांवर चालू राहते. हमनवा नसतील तर कव्वाल कितीही मोठा असो, त्याची कव्वाली उभी राहत नाही.

असेच हमनवा मराठी कीर्तनातही असतात. त्यांना टाळकरी म्हणतात. कव्वालाचे हमनवा मात्र बहुधा त्याच्याच पथकातले असतात. ते वर्षानुवर्षे त्याच्याबरोबर गातात, गावोगाव फिरतात. कीर्तनात तसे नसते. कीर्तनकार बाहेरगावाहून येतो आणि टाळकरी गावातले असतात. पुष्कळदा त्यांनी एकमेकांना पूर्वी पाहिलेलेही नसते. एकत्र तालीम करायला वेळ नसतो. येथे एक गंमत लक्षात ठेवा. उर्दूत ‘तालीम’ म्हणजे शिक्षण, मराठीत ‘तालीम’ म्हणजे सराव. तर अशी एकही तालीम न करता ही मंडळी दोन-दोन तास एका सुरात गातात. हे कसे घडते? त्याचे उत्तर शोधण्यासाठी आपण इंद्रायणीच्या काठी जाऊ.

कारखान्यांचा आणि संतांचा परिसर

इंद्रायणी ही पुणे जिल्ह्यातील नदी. तिच्या काठावर देहू आणि आळंदी ही दोन गावे आहेत. देहू हे संत तुकाराम महाराजांचे गाव. आळंदीला संत ज्ञानेश्वर महाराजांनी १२९६ मध्ये समाधी घेतली. या दोन गावांच्या आसपास गेल्या शतकात कारखाने उभे राहिले. पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा औषधांचा सरकारी कारखाना स्थापन झाला. त्यानंतर मोटारी, स्कूटर आणि यंत्रांचे सुटे भाग तयार करणारे अनेक कारखाने आले. लोकवस्ती वाढली. १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिका अस्तित्वात आली. पुढे कारखान्यांची ही रांग चाकणपर्यंत पोहोचली.

कारखान्यांत काम करण्यासाठी महाराष्ट्राच्या सर्व भागांतून माणसे आली. कोणी मराठवाड्यातून आला, कोणी खानदेशातून, कोणी सोलापूर-साताऱ्याकडून. परप्रांतांतूनही पुष्कळ लोक आले. येताना त्यांनी बरोबर काय आणले? एक पेटी, एक अंथरूण, चार भांडी आणि गावाकडे शिकलेली गाणी. कामावरून सुटल्यावर परक्या शहरात संध्याकाळ खायला उठते. अशा वेळी कोणी शेजारी टाळ काढतो, कोणी भिंतीला टेकून सूर लावतो. हळूहळू दहा-बारा जण जमतात आणि भजनी मंडळ तयार होते. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाची स्थापना १९५३ मध्ये झाली. हे मंडळ कामगारांसाठी भजनस्पर्धाही भरवत आले आहे. म्हणजे कारखाना आणि भजन यांचे नाते या राज्यात जुने आहे.

सप्ताह

वर्षातून एकदा गावात किंवा वस्तीत ‘अखंड हरिनाम सप्ताह’ होतो. सप्ताह म्हणजे सात दिवस. पहाटे काकड आरती, दिवसा ग्रंथाचे वाचन, संध्याकाळी हरिपाठ आणि रात्री कीर्तन असा रोजचा क्रम असतो. कीर्तनासाठी प्रत्येक रात्री नवा कीर्तनकार बोलावतात. सात रात्री, सात पाहुणे; टाळकरी मात्र तेच.

सप्ताहातील एक प्रथा ऐकण्यासारखी आहे. पहिल्या दिवशी वीणा उभी केली की ती शेवटच्या दिवसापर्यंत खाली ठेवत नाहीत. कोणीतरी एकजण ती गळ्यात अडकवून उभा असतो. त्याची वेळ संपली की तो ती दुसऱ्याच्या गळ्यात घालतो. रात्री दोन वाजताही कोणीतरी वीणा घेऊन जागा असतो. याला पहारा म्हणतात. कारखान्यात जशा पाळ्या लागतात, तशाच या पहाऱ्याच्याही पाळ्या लागतात. यंत्र बंद पडू नये म्हणून पहिल्या पाळीचा कामगार दुसऱ्या पाळीच्या कामगाराची वाट पाहतो. वीणा घेतलेला माणूसही तशीच वाट पाहतो. दुसरा आलाच नाही, तर पहिल्याला जागचे हलता येत नाही. आपल्यामुळे कोणी अडकून पडू नये, हा धडा तेथे पुस्तकाशिवाय शिकायला मिळतो.

कीर्तन कसे रंगते

आता रात्रीचे कीर्तन पाहू. कीर्तनकार पुढे मध्यभागी उभा राहतो. त्याच्या मागे आणि दोन्ही बाजूंना टाळकरी ओळीने उभे असतात. एका बाजूला मृदंग वाजवणारा असतो. त्याने मृदंगाच्या डाव्या तोंडाला भिजवलेली कणीक लावलेली असते. त्यामुळे आवाज भारदस्त, घुमणारा येतो. वीणा घेतलेला विणेकरी जवळच उभा असतो. बाजूला पेटी असते. पेटी म्हणजे हार्मोनियम. सुरुवातीला सगळे एकमेकांच्या पाया पडतात. साठ वर्षांचा टाळकरी वीस वर्षांच्या कीर्तनकारापुढे वाकतो आणि कीर्तनकारही त्याच्यापुढे वाकतो. पाहुणा आणि गावकरी यांच्यातले परकेपण येथेच निम्मे कमी होते.

मग गायन सुरू होते. कीर्तनकार संतांचा एक अभंग निवडतो. अभंग हा मराठी काव्याचा एक प्रकार आहे. त्या अभंगाची मुख्य ओळ टाळकरी पुन्हा पुन्हा म्हणतात. मध्येच कीर्तनकार हात वर करतो. टाळ थांबतात, मृदंग थांबतो. कीर्तनकार त्या ओळीचा अर्थ सांगू लागतो. याला निरूपण म्हणतात. बोलता बोलता तो आपल्या म्हणण्याला आधार म्हणून दुसऱ्या अभंगातील एखादी ओळ देतो. याला प्रमाण देणे म्हणतात. त्याने पहिले दोन शब्द उच्चारले की मागच्या रांगेतला एखादा टाळकरी लगेच तो अभंग उचलतो, चाल लावतो आणि बाकीचे त्याला साथ देतात. दोन शब्दांवरून पूर्ण अभंग आठवायचा आणि तोही त्याच क्षणी, ही सोपी गोष्ट नाही. तुकाराम महाराजांच्या गाथेतच सुमारे साडेचार हजार अभंग आहेत. ते सर्व कोणाला पाठ नसतात. पण चांगल्या टाळकऱ्याला शेकडो अभंग मुखोद्गत असतात.

तालमीशिवाय मेळ कसा जमतो

आता आपल्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. पाहुणा आणि टाळकरी यांचा मेळ चार गोष्टींमुळे जमतो.

पहिली गोष्ट म्हणजे सामाईक ठेवा. कीर्तनकार नाशिकचा असो की नांदेडचा, त्याने जे अभंग पाठ केले तेच चाकणच्या टाळकऱ्यानेही पाठ केलेले असतात.

दुसरी गोष्ट म्हणजे ठरलेला क्रम. आधी काय गायचे, नंतर काय, शेवट कशाने करायचा, हे परंपरेने ठरलेले आहे. तुम्ही कोणत्याही गावच्या मशिदीत जा, नमाजासाठी सफ कशी धरायची, हे तुम्हाला कोणी नव्याने सांगावे लागत नाही. तसेच हे आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे पट्टी. पट्टी म्हणजे गाण्याचा आधारस्वर. वारकऱ्यांची गाण्याची पट्टी उंच असते. ध्वनिवर्धक नव्हता, त्या काळी शेवटच्या माणसापर्यंत आवाज पोहोचवायचा तर उंच स्वरातच गावे लागे. पाहुण्याचा गळा कोणत्या पट्टीत मोकळा लागतो, हे पेटीवाला पाहतो आणि त्याप्रमाणे स्वर देतो. सगळे तो एकच स्वर धरतात.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ती म्हणजे कान. टाळकरी गातो त्याहून जास्त ऐकतो. कीर्तनकाराचा श्वास, त्याच्या हाताची खूण, मृदंगाच्या बोलातला बदल, शेजाऱ्याचा टाळ या सर्वांकडे त्याचे लक्ष असते. वीस टाळांपैकी एक टाळ जरी पुढेमागे पडला, तरी ते सर्वांना जाणवते. जो स्वतःचाच आवाज ऐकत राहतो, तो चांगला गवई होईलही. पण चांगला टाळकरी होणार नाही.

हे शिक्षण लहानपणापासून मिळते. आळंदीला विष्णुबुवा जोग यांनी १९१७ मध्ये वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. तेथे विद्यार्थी संतांचे ग्रंथ, अभंग आणि कीर्तन शिकतात. पूर्वी टाळकऱ्यांच्या रांगेत बहुतेक पुरुषच दिसत. आता स्त्रियांची भजनी मंडळेही ठिकठिकाणी आहेत.

वेल्समधील खाणकामगारांचे गाणे

आता थोडे दूर जाऊ. ब्रिटनच्या पश्चिम भागात वेल्स नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. त्याच्या दक्षिण भागात दगडी कोळशाच्या खाणी होत्या. एकोणिसाव्या शतकात हजारो माणसे कामासाठी तेथे आली. जमिनीखाली अंधारात, धुळीत आणि मृत्यूच्या सावलीत ती काम करीत. वर आल्यावर ती प्रार्थनामंदिरात जमत आणि एकत्र गात. त्यातूनच पुरुषांची गायनमंडळे तयार झाली. रॉन्दा खोऱ्यातील ट्रिऑर्की गावचे मंडळ फार नावाजलेले आहे.

या मंडळांची रीत आपल्याहून वेगळी आहे. आपले टाळकरी सर्व मिळून एकच चाल गातात. वेल्सचे गायक चार गट करतात. दोन गट उंच आवाजाचे, एक मधल्या आवाजाचा आणि एक खर्जाचा. चारही गट एकाच वेळी चार वेगवेगळे स्वर गातात. पण ते एकमेकांना असे पूरक असतात की ऐकणाऱ्याला एकच भरदार गाणे ऐकू येते. त्यासाठी आठवडेच्या आठवडे तालीम करावी लागते. समोर एक मार्गदर्शक उभा राहून हाताने खुणा करतो. खाणकामगारांना संगीताची अवघड लिपी कशी यावी? त्यांनी एक सोपी लिपी वापरली. आपण जसे सा, रे, ग, म लिहितो, तसे तेही अक्षरांनी स्वर लिहीत. त्यामुळे गरीब कामगारालाही गाणे वाचता येऊ लागले.

त्यांच्याही कार्यक्रमात पाहुणा गायक येतो. त्याची सर्वांत विलक्षण हकिकत १९५७ मधली आहे. पॉल रोबसन हा अमेरिकेतील काळा गायक होता. त्याचा आवाज खोल आणि गंभीर होता. १९४० च्या ‘द प्राउड व्हॅली’ या चित्रपटात त्याने वेल्सच्या खाणीत काम करणाऱ्या आणि गायनमंडळात गाणाऱ्या माणसाची भूमिका केली होती. वेल्सचे खाणकामगार त्याला आपला मानत. काळ्या लोकांच्या हक्कांसाठी तो निर्भयपणे बोले. त्याची मते सरकारला पसंत नव्हती. १९५० मध्ये अमेरिकेच्या सरकारने त्याचा पासपोर्ट काढून घेतला. आता तो परदेशी जाऊ शकत नव्हता.

वेल्समध्ये खाणकामगारांचा काव्य-गायनाचा मोठा मेळा भरत असे. ५ ऑक्टोबर १९५७ रोजी पोर्थकॉल या गावी हा मेळा होता. रोबसनला यायचे होते; पण येता येत नव्हते. मग कामगारांनी युक्ती काढली. आदल्याच वर्षी अटलांटिक महासागराच्या तळातून दूरध्वनीची तार सुरू झाली होती. रोबसन न्यूयॉर्कमध्ये बसून गायला. त्याचा आवाज समुद्राखालून आला आणि सभागृहात घुमला. ट्रिऑर्कीच्या मंडळाने इकडून त्याला आपले गाणे ऐकवले. पाहुणा हजारो मैल दूर होता, तरी साथ तुटली नाही. १९५८ मध्ये त्याला पासपोर्ट परत मिळाला आणि त्याच वर्षी तो वेल्सच्या कामगारांना प्रत्यक्ष भेटला.

पुढे खाणी बंद होत गेल्या. रॉन्दा खोऱ्यातील मार्डीची शेवटची खोल खाण डिसेंबर १९९० मध्ये बंद झाली. ज्या कामामुळे माणसे एकत्र आली, ते काम गेले. गायनमंडळ मात्र राहिले. खाणीत कधीही न उतरलेली माणसे आज ती गाणी गातात.

सर्वांचे गाणे

मित्रांनो, हे गाणे आपले नव्हे, असे तुम्हाला वाटेल कदाचित. पण इतिहास तसे सांगत नाही. श्रीगोंद्याचे संत शेख महंमद यांनी ‘योगसंग्राम’ हा ग्रंथ मराठीत लिहिला. बारामती तालुक्यातील माळेगावच्या जैतुनबी अनेक वर्षे आपल्या दिंडीसह पंढरपूरच्या वारीला गेल्या. त्या स्वतः कीर्तन करीत आणि टाळकरी त्यांना साथ देत. बार्शीचे शाहीर अमर शेख यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. त्यांनी आपल्या बुलंद आवाजाने मुंबईचे कामगार जागे केले आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत सभा गाजवल्या. पोवाड्यात शाहिराच्या मागे जे साथ देतात, त्यांना झीलकरी म्हणतात. हमनवा, टाळकरी, झीलकरी ही तीन नावे झाली, काम एकच.

दरवर्षी तुकाराम महाराजांची पालखी देहूहून पंढरपूरला निघते, तेव्हा ती देहूजवळ अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी थोडा विसावा घेते. तेथे अभंग आणि आरती होते. नंतर ती आकुर्डीला मुक्कामी जाते आणि पुढे कारखान्यांच्या रस्त्याने पुण्याकडे चालू लागते. त्या वेळी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कामगार उभे राहतात आणि टाळांचा नाद यंत्रांच्या आवाजावर मात करतो.

तुमच्यापैकी काही जण मराठी बोलायला लाजतात. चूक होईल, कोणी हसेल, अशी भीती त्यांना वाटते. त्यांनी टाळकऱ्याची रीत करून पाहावी. नवा टाळकरी पहिल्याच दिवशी पुढे उभा राहत नाही. तो शेवटच्या रांगेत राहतो. आधी ऐकतो, मग हळू आवाजात इतरांबरोबर म्हणतो. त्याची चूक इतरांच्या आवाजात झाकली जाते आणि तो शेजाऱ्याचे ऐकून ती सुधारतो. वर्षभरात त्याचा आवाज मोकळा होतो. मग एखाद्या रात्री कीर्तनकार दोन शब्द उच्चारतो आणि बाकीच्यांना अभंग आठवत नाही. तेव्हा शेवटच्या रांगेतून तोच पुढची ओळ उचलतो.

शाळेत रोज सकाळी तुम्ही सर्व मिळून ‘बच्चे की दुआ’ म्हणत असाल, राष्ट्रगीत म्हणत असाल. उद्या एक प्रयोग करा. गाताना स्वतःच्या आवाजाऐवजी शेजारच्या मुलाचा आवाज ऐका आणि आपला आवाज त्यात मिसळा. पूर्ण रांगेने असे केले, तर तुमच्या शाळेचे गाणे त्याच दिवशी बदललेले तुम्हाला ऐकू येईल.

शब्दार्थ

साथ – गाण्यात सोबत करणे
तालीम – सराव, मश्क
पट्टी – गाण्याचा आधारस्वर
निरूपण – अर्थ समजावून सांगणे, तशरीह
मुखोद्गत – तोंडपाठ, जबानी याद असलेले
ठेवा – जपून ठेवलेली संपत्ती, सरमाया
विसावा – थोडी विश्रांती
खायला उठणे – एकटेपणामुळे नकोसे वाटणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) कव्वालाच्या साथीदारांना काय म्हणतात?
(२) वारकरी शिक्षण संस्था कोणी व केव्हा स्थापन केली?
(३) मृदंगाच्या डाव्या तोंडाला काय लावतात?

प्र. २. थोडक्यात उत्तरे लिहा.
(१) वीणेचा पहारा आणि कारखान्यातील पाळी यांत कोणते साम्य आहे?
(२) तालीम न करता कीर्तनकार व टाळकरी यांचा मेळ कोणत्या चार गोष्टींमुळे जमतो?
(३) १९५७ मध्ये पॉल रोबसन वेल्सच्या कामगारांसाठी कसा गायला?

प्र. ३. कारणे लिहा.
(१) वारकरी उंच पट्टीत गात.
(२) रोबसन पोर्थकॉलला जाऊ शकला नाही.

प्र. ४. कव्वाली आणि कीर्तन यांतील एक साम्य व एक फरक तुमच्या शब्दांत लिहा.

उपक्रम : तुमच्या गावात किंवा वस्तीत एकत्र गाणारे एखादे मंडळ असेल, तर त्यांतील एका वडीलधाऱ्या व्यक्तीला भेटा. ते गाणे कोणाकडून शिकले, हे विचारा आणि दहा ओळी मराठीत लिहा.